आमच्या मुलांना ग्रामसभेत बसू द्या

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले सर्व कॅथोलिक धर्मगुरू, सिस्टर्स आणि धर्मग्राम (पॅरिश) परिषदांचे सभासद यांस,

ख्रिस्तात नमस्कार.

मी सांगलीत राहते. रविवारच्या मिस्साच्या उपासनेनंतर दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या, वर्गाला शिकवते. माझ्या वर्गातून गेलेली बरीच मुलं-मुली आता मतदार झाली आहेत. कुणी विश्रामबागेत शिकवणी घेतं, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत आहे, कुणी कऱ्हाडला दवाखान्यात नर्स आहे, कुणी पुण्याला जाऊन परत आलं. त्यांच्याबद्दल मला तुमच्याशी जाहीरपणे बोलायचं आहे. परिषदेच्या बैठकीत हा विषय सगळ्यात शेवटी येतो आणि वेळ संपल्यामुळे पुढच्या महिन्यावर जातो, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगते. आपल्या तरुणांनी सार्वजनिक कामात उतरावं म्हणून ख्रिस्तसभेनं त्यांना शिकवावं, आशीर्वाद द्यावा आणि त्यांच्या पाठीशी उभं राहावं. सार्वजनिक काम म्हणजे ग्रामसभा, नगरपालिका, पाण्याचा प्रश्न, मतदार यादी, आणि ज्याच्यात धमक असेल त्याच्यासाठी थेट निवडणूक. आज आपण हे करत नाही. आज आपण त्यांना गाणी बसवायला सांगतो, नाताळचा गोठा उभारायला सांगतो, क्रिकेटच्या स्पर्धा आणि रक्तदान शिबिर भरवायला सांगतो. ही कामं चांगली आहेत आणि मुलं ती मनापासून करतात. पण त्यांच्यातलाच एखादा ‘मी वॉर्डातून उभा राहू का?’ असं विचारतो तेव्हा आपले चेहरे बदलतात. ‘त्या चिखलात कशाला जातोस?’ ‘आपण चार घरं, आपलं आपण बरं.’ हे मी आईबापांच्या तोंडून ऐकलं आहे, शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि वेदीवरूनही ऐकलं आहे.

असं बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना पोरांची काळजी असते. पण कॅथोलिक शिकवण म्हणून पाहिलं तर हे साफ चुकीचं आहे, आणि ते आपल्याच पुस्तकांत लिहिलेलं आहे. आपल्या कॅटेकिझमच्या, म्हणजे शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या, २२४० व्या परिच्छेदात कर भरणं, मतदान करणं आणि देशाचं रक्षण करणं ही नैतिक कर्तव्यं म्हणून दिली आहेत. हा परिच्छेद येतो चौथ्या आज्ञेखाली, ‘आपल्या आईबापांचा मान राख’ या आज्ञेखाली. आमच्या वर्गांत ही आज्ञा आईबापांपाशीच संपते, कारण पुढच्या भागासाठी अभ्यासक्रमात तासच ठेवलेला नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये स्पष्ट म्हटलं की श्रद्धा एकीकडे आणि रोजचा व्यवहार दुसरीकडे ही फारकत आपल्या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये लिहिलं की राजकारणाला कितीही नावं ठेवली गेली तरी ते एक उच्च पाचारण आहे, प्रेमाच्या सर्वांत थोर रूपांपैकी एक आहे, कारण ते सर्वांच्या हिताचा शोध घेतं.

आणि फादर, ख्रिस्तसभेच्या कायद्यानं तुम्हाला सत्तेचं पद घेता येत नाही, पक्षाच्या कामात पुढाकार घेता येत नाही. ते योग्यच आहे, वेदी सर्वांची असते. पण मग हे काम उरलं कुणाकडे? प्रापंचिकांकडे, म्हणजे संसारी श्रद्धावंतांकडे, आणि त्यांतही ज्यांच्या अंगात जोर आहे त्यांच्याकडे. तुम्ही करायचं नाही आणि त्यांनाही करू द्यायचं नाही, तर मग ही शिकवण कुणासाठी छापली आहे?

आता भीतीबद्दल. तिच्यावर बोलल्याशिवाय बाकी सगळं बोलणं पोकळ वाटेल.

२०२५ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात काय घडलं ते आपण सगळे जाणतो. कुपवाडमधल्या एका तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतर धर्मांतराच्या दबावाचा आरोप झाला, मोर्चे निघाले, आणि जिल्ह्यातल्या एका लोकप्रतिनिधीनं ख्रिस्ती धर्मप्रसारकांना मारहाण करणाऱ्यांसाठी जाहीर सभेत बक्षिसाच्या रकमा पुकारल्या. पुढच्या महिन्यात मुंबईच्या आझाद मैदानावर राज्यभरातून ख्रिस्ती माणसं जमली. त्या दिवसांत माझ्या वर्गातल्या एका मुलीनं गळ्यातला क्रूस ओढणीखाली घ्यायला सुरुवात केली. तिच्या आईनंच तसं सांगितलं होतं. मी त्या आईला दोष देत नाही.

एक गोष्ट मात्र मला इथे ठामपणे लिहायची आहे. ज्या घरातली लेक गेली त्या घराचं दुःख खरं आहे. कुणी कुणावर धर्मासाठी दबाव आणला असेल तर पोलिसांनी आणि न्यायालयानं त्याचा छडा लावावा, आणि तो लागेल तेव्हा आपण गप्प बसू नये. जबरदस्तीची श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात १९६५ सालीच सांगितलं आहे. हे आपल्या तरुणांना नीट माहीत असतं तर चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर ते मान वर करून बोलू शकले असते. ते गप्प राहिले कारण त्यांच्याकडे शब्द नव्हते. आपण ते दिले नव्हते.

आपण निवेदनं दिली, तो आपला हक्कच आहे. पण निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या आपण कधी कधी चढतो ते आठवून पाहा. दफनभूमीच्या जागेसाठी, आपल्यावर हल्ला झाला तेव्हा, आपल्या दाखल्यांसाठी. शेजारच्या गल्लीत आठ दिवस नळाला पाणी नाही म्हणून आपल्या धर्मग्रामाचं निवेदन गेलं आहे का? जतच्या टँकरसाठी? ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी? शेजाऱ्याला आपण दोनच वेळा दिसतो. एकदा त्याला आपल्या शाळेत प्रवेश हवा असतो तेव्हा, आणि एकदा आपण संकटात असतो तेव्हा. मग आपल्यावर वेळ आली की तो चार पावलं लांब उभा राहतो, आणि त्याचं आपल्याला वाईट वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. सांगलीकराला हे आकडे पाठ आहेत. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली आणि लोक बुडून मेले. त्या पंधरा दिवसांत आपल्या मुलांनी जे केलं त्याला तोड नव्हती. पोळ्या लाटल्या, पाकिटं भरली, गाळ उपसला, कुणाची जात-धर्म विचारला नाही. कॅथोलिक म्हणून मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि आजही वाटतो. मग २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि मुलांनी पुन्हा पाकिटं भरली.

दोन पुरांच्या मधे काय झालं? पूररेषेच्या आत बांधकामं कशी झाली, ओढे-नाले कुणी बुजवले, कोणत्या गावाला किती बोटी मिळाल्या, पंचनाम्यात भाडेकरूंची आणि झोपडीवाल्यांची नावं का सुटली, हे विचारायला आपल्यातलं कुणी गेलं नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा कायदा २००५ पासून आहे. पण आपल्या कुठल्याही युवक मेळाव्यात तो अर्ज लिहायला शिकवलेला मी पाहिला नाही. शेरीनाल्याचं तसंच. सांगलीचं सांडपाणी त्यातून कृष्णेत जातं, याच्या बातम्या वाचत एक अख्खी पिढी म्हातारी झाली. पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या जपणुकीवरच्या २०१५ च्या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असं लिहिलं, त्यावर आपण चित्रकला स्पर्धा घेतली. शेरीनाल्यावर गेलो नाही.

२०२० मध्ये बंधुभावावर लिहिलेल्या परिपत्रकात त्यांनीच एक उदाहरण दिलं आहे, आणि ते वाचताना मला ते कृष्णाकाठच्या माणसांसाठीच लिहिलंय असं वाटलं. एखाद्या वृद्धाला नदी ओलांडायला हात देणं हे सुंदर प्रेमकार्य आहे, आणि राजकारणी माणूस तिथे पूल बांधतो तेव्हा तेही प्रेमकार्यच असतं. आपण हात द्यायला फार छान शिकवलं आहे. पुलाचं काम कुठे अडतं, त्याचा ठराव कोण करतं, निधी कुठून येतो, ठेकेदाराला जाब कोण विचारतं, हे शिकवलेलं नाही. पाचव्या पोळीनंतर पोरं आपोआप हा प्रश्न विचारतात. ‘मॅडम, हे दर दोन वर्षांनी करायचं का?’ मला हा प्रश्न प्रार्थनेइतकाच पवित्र वाटतो.

पूर्वेकडच्या तालुक्यांकडे वळते. जत, आटपाडी, माण, खटाव. तिथलं दुखणं उलटं, दुष्काळाचं आहे, आणि तिथून निघालेली ऊसतोडीची टोळी दिवाळीनंतर कऱ्हाड-वाळव्याच्या फडात येते, बीडच्या टोळ्यांच्या शेजारी कोप्या, म्हणजे झोपड्या, घालते. हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत तक्रार करायची सोय नाही. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं. त्यात त्यांनी लिहिलं की गरजेपोटी किंवा अधिक मोठ्या संकटाच्या भीतीपोटी मजुरानं मालकाच्या कठोर अटी मान्य केल्या, तर तो जबरदस्तीचा आणि अन्यायाचा बळी ठरतो. उचलीचा व्यवहार यापेक्षा नेमक्या शब्दांत कुणी सांगेल असं मला वाटत नाही. सध्याचे पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ ला निवडून आले. हे नाव का घेतलं, हे सांगताना त्यांनी याच परिपत्रकाचा उल्लेख केला. आपल्या चर्चांमध्ये त्यांचा फोटो लागला, अभिनंदनाचे फलक लागले. नावामागचं कारण किती धर्मग्रामांत प्रवचनात आलं?

नाताळच्या आठवड्यात आपण गोठा सजवतो. त्याच आठवड्यात शहरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर थंडीत कोपीत तान्ही पोरं निजलेली असतात, आणि त्यांची मोठी भावंडं शाळेऐवजी फडात असतात. मुलांना तिथे घेऊन जा. फक्त घोंगड्या आणि केक वाटायला नेऊ नका. किती पोरं शाळेबाहेर आहेत ते मोजायला न्या, ती यादी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे कसं जायचं ते शिकवायला न्या, कारखान्याच्या गेटवर बाईमाणसांसाठी संडास का नाही ते विचारायला न्या.

हे नवीन नाही, आणि आपल्या परंपरेबाहेरचं तर मुळीच नाही. हर्मान बाखर नावाचे स्विस येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि अहिल्यानगरच्या दुष्काळी टापूत त्यांनी आयुष्य घालवलं. पाणलोट विकासाचं जे काम त्यांनी उभं केलं, त्यातून १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. त्यांची पद्धत अशी की अख्ख्या गावानं आधी श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायचं ठरवायचं, गावाची समिती नेमायची, मग पैसा. त्यात ख्रिस्ती घरांचं वेगळं शेततळं नव्हतं, ओढा अडवला की पाणी सगळ्यांच्याच विहिरीला लागतं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात सर्व धर्मांच्या माणसांना एकत्र आणलं. पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा महाराष्ट्रानं त्यांना आपला माणूस म्हणून ऐकलं. ही दोन नावं आमच्या वर्गातल्या मुलांना माहीत नसतात. त्यांना इटलीतले संत माहीत असतात.

इटलीतल्याच एका संताबद्दल सांगते. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ यांनी पिअर जॉर्जो फ्रसाती यांना संतपद दिलं. आपल्या युवक गटांनी त्यांचा डोंगरावरचा फोटो घेऊन अजिंक्यताऱ्यावर आणि सज्जनगडाकडे ट्रेक काढले, छान केलं. गिर्यारोहण सांगितलं, गरिबांच्या घरी औषधं पोचवणं सांगितलं, रोज मिस्साला जाणं सांगितलं. पण हा तरुण खाणकामगारांच्या सेवेसाठी खाण अभियांत्रिकी शिकत होता, १९२० पासून एका राजकीय पक्षाचा सभासद होता, फॅसिस्टांच्या विरोधात उभा होता, आणि चोविसाव्या वर्षी गेला तेव्हा तुरीनचे गरीब त्याच्या अंत्ययात्रेला लोटले होते. पक्षाचा सभासद असलेला आणि कम्युनियन घेणारा एकच माणूस होता. आपण त्याचा अर्धाच भाग मुलांना दिला.

आणि ही माती! ज्या जिल्ह्यांत आपण राहतो तिथे सार्वजनिक काम शिकवायला परदेशी उदाहरणांची गरजच काय? नायगावात सावित्रीबाई जन्मल्या. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव घातलं गेलं. काल्याला १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या साथीदारांनी गावोगाव न्यायमंडळं चालवली. ख्रिस्ती असून या मातीशी एकजीव झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक अखेरच्या वर्षांत साताऱ्यात राहिले. १९१७ मध्ये त्यांनी तिथे ‘देवाचा दरबार’ भरवला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही तऱ्हेच्या ख्रिस्तभक्तांसाठी होता. ते प्रॉटेस्टंट होते, आपण कॅथोलिक आहोत. पण त्यांच्याकडून शिकायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

देशाच्या पातळीवरचंही एक पान आपण मुलांना दाखवत नाही. घटना समितीत बंगालचे एच. सी. मुखर्जी उपाध्यक्ष होते, मद्रासकडून फादर जेरोम डिसूझा हे येशूसंघीय सभासद होते. १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याला या ख्रिस्ती सभासदांनी पाठिंबा दिला. आम्हाला वेगळी कुंपणं नकोत, आम्ही सर्वांबरोबर सर्वांसाठी काम करू, असा तो विश्वास होता. मी तो निर्णय बरोबर मानते. पण त्या विश्वासाची दुसरी बाजू म्हणजे आपण सर्वांबरोबर कामाला यायचं होतं. राखीव जागा सोडल्या आणि मग खुल्या जागेकडेही फिरकलो नाही. इतक्या मोठ्या मनानं दिलेला शब्द आपण अर्ध्यावर सोडला.

इथे आपल्या घरातलं एक दुखणं बोलायला हवं, कारण सर्वांचं हित म्हणताना ‘सर्व’ कोण, हे आपल्या बाकांपासून ठरतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे आपल्या वस्तीवरचा दलित ख्रिस्ती पोरगा अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर सरपंचकीला उभा राहू शकत नाही, गावानं त्याला वागवलं मात्र जुन्याच नजरेनं. या अन्यायाबद्दल आपण दिल्लीला पत्रं लिहितो आणि लिहायलाच हवीत. पण आपल्या परिषदांत कोण बसतं? शाळा, दवाखाने, रेल्वे, बँका यांच्या नोकऱ्यांनिमित्त गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून आलेली सुशिक्षित घरं पुढच्या बाकावर, आणि मराठी बोलणारी, रोजंदारीवर जाणारी घरं मागे. बैठक इंग्रजीत सुरू झाली की मागच्या बाकावरची बाई उठून जाते, हे मी पाहिलं आहे. तिला सिस्टरांनी हाताला धरून पुढे बसवलं तर तिची पोरगी उद्या महिला ग्रामसभेत बोलेल. कायद्यानं मुख्य ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते आणि स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या धर्मग्राम परिषदांत हे प्रमाण किती, हे प्रत्येकानं आपापलं पाहावं.

आता काय करायचं ते सांगते.

दृढीकरणाच्या वर्गात आणि युवक मेळाव्यांत ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण मराठीत, उदाहरणांसह, नियमित शिकवा. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक आणि गावाचा विकास आराखडा समोर ठेवून शिकवा, म्हणजे ‘सर्वांचं हित’ कोणत्या रकान्यात बसतं ते दिसेल. शहरातल्या मुलांना महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायला बसवा. परिषदेवर तिशीच्या आतले सभासद घ्या, त्यांना मत द्या, नुसतं सतरंज्या घालायचं काम देऊ नका.

मतदार यादीचं काम तर उद्याही सुरू करता येईल. बदलीच्या नोकऱ्यांमुळे आपल्या कितीतरी घरांची नावं अजून जुन्या गावी आहेत, कितीतरी मुलांची कुठेच नाहीत. सतरा पूर्ण झालेल्यांना आता आगाऊ अर्ज करता येतो आणि वर्षातून चार तारखांना नोंदणीची पात्रता धरली जाते. एका रविवारी मिस्सानंतर टेबल मांडा, नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरून घ्या. आणि ते टेबल फाटकाच्या बाहेर मांडा, म्हणजे शेजारच्या मुस्लिम, बौद्ध, धनगर, मराठा पोरांचेही अर्ज तिथेच भरले जातील. धर्मग्रामाचा हॉल आठवड्यातले पाच दिवस कुलुपात असतो. तो संध्याकाळी अभ्यासिका म्हणून गल्लीतल्या सगळ्या पोरांना उघडा करून द्या.

मला काय नको आहे, तेही सांगते. वेदीवरून कुणाला मत द्या हे सांगू नका, आडून आडूनही नको. चर्चच्या आवारात कुठल्याही पक्षाचा झेंडा नको, आणि ‘आपली ख्रिस्ती मतं’ अशी गठ्ठ्यानं कुणाच्या पदरात टाकायची मुळीच नाहीत. आपली मुलं वेगवेगळ्या पक्षांत जातील. एकाच गायनवृंदातले दोघं समोरासमोरच्या पॅनेलमधून उभे राहतील. राहू द्या. रविवारी दोघांनी एकाच वेदीसमोर यावं आणि एकमेकांना शांतीची खूण द्यावी, एवढं आपण बघायचं. त्यांच्यातला कुणी पैसे वाटताना दिसला, द्वेषाचं बोलताना ऐकला, तर त्याला बोलावून खडसावायचा अधिकार तुमचा आहे आणि तो जरूर वापरा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ते अडचणीत आले की त्यांना एकटं टाकू नका. आपल्यातली एक मुलगी ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशोब मागते, रात्री तिच्या घरासमोर चार माणसं येऊन उभी राहतात, तिच्या धर्मावरून बोलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फादर आणि परिषदेतली दोन वडीलधारी माणसं तिच्या दारात गेली पाहिजेत. ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ असं विचारायला नको, चहा घ्यायला जा, बसा, शेजाऱ्यांशी बोला, गरज पडली तर ओळखीचा वकील घेऊन पोलीस ठाण्यापर्यंत तिच्याबरोबर जा. ज्या घरासाठी तिनं हिशोब मागितला ती शेजारची बाईही तेव्हा बाहेर येईल, असा माझा विश्वास आहे. नाही आली तरी तुम्ही गेलेले असाल. माझ्या वर्गातून गेलेल्या मुलांना तुमच्याकडून दुसरं काही मिळालं नाही तरी चालेल, हे एक मिळायलाच हवं.

सुरुवात कधी करायची, असं विचाराल तर तारीख सुचवते. १५ ऑगस्ट. त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, आणि शुभवर्तमानात तिचं ते गीत वाचलं जातं, ज्यात देव अधिपतींना आसनांवरून खाली ओढतो, दीनांना उंच करतो आणि भुकेल्यांना तृप्त करतो. त्याच दिवशी ध्वजवंदनानंतर बहुतेक गावांत ग्रामसभा असते. दरवर्षी आपली मिस्सा आणि नंतरचा कार्यक्रम दुपारपर्यंत चालतो, आणि आपली मुलं ग्रामसभेला कधीच पोचत नाहीत. यंदा मिस्सा सकाळी सातला ठेवा. प्रवचन याच गीतावर असू द्या. सांस्कृतिक कार्यक्रम संध्याकाळी घ्या. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, ती वाचून विषय कोणते आहेत ते आदल्या रविवारी मुलांना सांगा. आणि मुलं निघाली की परिषदेतल्या कुणीतरी वडीलधाऱ्यानं त्यांच्याबरोबर जाऊन मागच्या रांगेत बसावं.

आपली,
दृढीकरण वर्गाची एक शिक्षिका आणि दोन मतदार मुलांची आई
सांगली